दिवाणी दाव्यात कोर्टाकडून पुरावा सील करून घेतला, त्याचा अनुभव (दुसऱ्या बाजूचंही ऐकायचंय)

साचेवाला:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. खरं तर तीन महिन्यांपूर्वीच विचारायचं होतं पण वकील मॅडमनी सक्त ताकीद दिलेली की ऑर्डरची अंमलबजावणी होईपर्यंत बायको सोडून कुणाजवळ तोंड उघडायचं नाही, सख्ख्या भावाजवळसुद्धा नाही. आता ते होऊन गेलंय, समोरच्यांनी वकीलपण लावलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही असं मॅडमच म्हणाल्या. नावं, कोर्ट, तारखा मात्र देणार नाही, कृपया विचारू नका.

भांडुपला आमचा गाळा आहे, प्लास्टिक मोल्डिंगचे साचे बनवतो. बाबांनी सुरू केलेला धंदा. आमच्याकडे अकरा वर्षं असलेला डिझायनर गेल्या वर्षी सोडून गेला, भांडण वगैरे काही नाही, पेढे देऊन गेला. त्यानंतर दोनेक महिन्यांनी आमचं एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं की अहो, वसईहून तुमच्यासारखाच साचा निम्म्या भावात मिळाला. मी गेलो बघायला. साचा उघडला आणि पोटात गोळाच आला, कारण आतल्या पाण्याच्या लाइनी, म्हणजे कूलिंगसाठी भोकं मारतो ती, आमच्याच होत्या, आणि एका ठिकाणी आम्ही चुकून भोक मारून नंतर प्लग लावून बंद केलेलं ते भोक आणि तो प्लगसुद्धा तिथेच होता. ड्रॉइंगमध्ये ते तसंच राहून गेलेलं. ज्याच्याकडे आमचं ड्रॉइंग नाही तो माणूस ते नको असलेलं भोक कशाला मारेल?

आधी पोलिसांत गेलो, सिव्हिल मॅटर आहे म्हणून परत पाठवलं. मग नोटीस पाठवायला म्हणून वकिलांकडे गेलो तर मॅडमनी पहिलं वाक्य हेच टाकलं की नोटीस पाठवाल तर संध्याकाळपर्यंत त्या डिझायनरचा कॉम्प्युटर फॉरमॅट झालेला असेल. त्याऐवजी कोर्टाकडून समोरच्याला न कळवता ऑर्डर घ्यायची, कोर्टाने नेमलेला कमिशनर जाऊन कॉम्प्युटरची नक्कल काढेल, ती सीलबंद राहील आणि भांडण नंतर सावकाश चालेल. मला हे असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो ज्यासाठी धागा काढला. दुसऱ्या भेटीत मॅडमनी विचारलं, तुमच्या विरुद्ध जाईल असं काय आहे, सगळं सांगा. मी म्हटलं काही नाही. त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, मग उद्या या, आठवून या. रात्रभर झोप नाही. दोन गोष्टी होत्या. एक, त्याच्या शेवटच्या वर्षाचा इन्सेंटिव्ह मी अडकवून ठेवला होता. दुसरी, चार वर्षांपूर्वी त्याच्या मेव्हण्याच्या कामासाठी आमचं एक ड्रॉइंग वापरायला मीच तोंडी परवानगी दिली होती. या दोन्ही गोष्टी अफिडेव्हिटमध्ये पॅरा १४ ला घातल्या. मला वाटलं आता संपलं, ऑर्डर काही मिळत नाही. चेंबरमध्ये सुनावणी झाली, जजसाहेबांनी नेमका तोच पॅरा दोनदा वाचला, चार प्रश्न विचारले आणि ऑर्डर दिली. पण आम्ही मागितली होती त्याच्या निम्मीच. मशीन सील करायचं नाही, काम बंद पाडायचं नाही, फक्त डिझाइनच्या कॉम्प्युटरची आणि पेन ड्राइव्हची नक्कल, ती कोर्टात सीलबंद, आम्हाला बघायला नाही, आणि मी आत जायचं नाही.

कमिशनर गेले त्या दिवशी मी त्याच्या गाळ्याबाहेर चहाच्या टपरीवर साडेचार तास उभा होतो. दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली, मला बघून थबकली. त्यांच्या मुलाच्या बारशाला आम्ही सगळे गेलो होतो. ती काहीच बोलली नाही, आत गेली. केलं ते करायलाच हवं होतं असं मला आजही वाटतं पण तो चेहरा डोळ्यासमोरून जात नाही. म्हणून विचारतोय, कुणाकडे अशी माणसं आली होती का? आणि कायदा जाणणाऱ्यांनी नीट समजावून सांगा, मला फक्त माझ्यापुरतं कळलंय.

मृण्मयी_फोर्ट:
साचेवाला, तुमच्या वकिलांना माझा नमस्कार सांगा. फाइल मिटून घरी पाठवणं जमायला हिंमत लागते.

मी हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (जिथे दावे थेट दाखल होतात) प्रॅक्टिस करते, सोप्या भाषेत सांगते. या प्रकाराला आमच्यात अजून अँटन पिलर ऑर्डर म्हणतात, आणि योगायोग बघा, ती मूळ केससुद्धा ड्रॉइंगचीच होती. अँटन पिलर ही जर्मन कंपनी, कॉम्प्युटरला वीज पुरवणारे फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर बनवायची. त्यांचा इंग्लंडमधला एजंट गुपचूप त्यांची माहिती प्रतिस्पर्ध्यांना देतोय अशी खबर त्याच एजंटच्या दोन माणसांनी दिली. कंपनी कोर्टात गेली, समोरच्याला न कळवता, आणि इंग्लंडच्या अपील कोर्टाने ऑर्डर दिली. निकाल डिसेंबर १९७५ चा, १९७६ च्या छापील निकालसंग्रहात आहे. लॉर्ड डेनिंग होते बेंचवर. लॉर्ड जस्टिस ऑर्मरॉड यांनी तीन अटी घातल्या त्या आजही सगळीकडे सांगतात: तुमची केस प्रथमदर्शनी अतिशय भक्कम हवी, होणारं नुकसान गंभीर हवं, आणि समोरच्याकडे तो पुरावा आहे व सुगावा लागला तर तो नष्ट करेल अशी खरीखुरी शक्यता हवी. तिसरी अट सगळ्यात अवघड. नुसतं 'मला भीती वाटते' म्हणून चालत नाही.

आपल्याकडे या नावाचं वेगळं कलम नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ३९ रूल ७ आहे (इथे ऑर्डर म्हणजे संहितेतलं प्रकरण, कोर्टाचा हुकूम नव्हे), दाव्यातली वस्तू ताब्यात ठेवणं, जपणं, तपासणं, त्यासाठी माणूस आत पाठवणं. रूल ८ म्हणतो की आधी नोटीस द्या, पण नोटीस देण्यात हेतूच बुडत असेल तर नको. ऑर्डर २६ मध्ये कमिशनर, ऑर्डर ४० मध्ये रिसीव्हर, म्हणजे वस्तू ताब्यात घेऊन सांभाळणारा कोर्टाने नेमलेला माणूस. मुंबई हायकोर्टात तर कोर्ट रिसीव्हरचं अख्खं खातंच आहे. ट्रेडमार्कसाठी १९९९ च्या कायद्याच्या कलम १३५ मध्ये पुरावा जपण्याची एकतर्फी (समोरच्याला न ऐकता दिलेली) ऑर्डर स्पष्ट लिहिलेली आहे. आणि समोर कोण आहे तेच माहीत नसेल तर अशोक कुमार या काल्पनिक नावाने ऑर्डर होते, २००२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी केबलवाल्यांविरुद्ध दिल्ली हायकोर्टाने दिली तेव्हापासून ते रुळलं.

पार्लेकर_अनघा:
वाचून अंगावर काटा आला, दोन्ही बाजूंनी. पण मृण्मयीताई, एक कळत नाही. पोलिसांना झडतीसाठी वॉरंट लागतं, मग दोन खाजगी माणसांच्या भांडणात दिवाणी कोर्ट कुणाच्याही दुकानात माणसं कशी पाठवू शकतं? घरीसुद्धा?

मृण्मयी_फोर्ट:
अनघा, हा प्रश्न डेनिंगसाहेबांनाही पडला होता. त्यांनी स्पष्ट म्हटलं की हे सर्च वॉरंट नाहीच, दार फोडून आत शिरायचा अधिकार कुणालाही नाही. ऑर्डर प्रतिवादीला असते, की तू यांना आत येऊ दे. त्याने नाही म्हटलं तर बळजबरी नाही पण कोर्टाचा अवमान होतो आणि नकार दिला हे पुढे त्याच्याच विरुद्ध वापरलं जातं. आपल्याकडे मात्र ऑर्डरमध्येच बऱ्याचदा पोलिसांची मदत घ्यायची आणि गरज पडली तर कुलूप तोडायची परवानगी लिहिलेली असते. म्हणजे आपली ऑर्डर जास्त कडक, आणि म्हणून मला वाटतं आपल्याकडे ती मागताना जास्त जपायला हवं.

इंग्लंडने चुकातून शिकून घेतलं. १९८० च्या दशकात एका केसमध्ये व्हिडिओ कॅसेटची चोरी करणाऱ्याविरुद्ध अशी ऑर्डर घेतली, तो खरोखर चोरी करतच होता, पण वादीने अर्धवट माहिती देऊन ऑर्डर घेतली आणि वकिलांनी ऑर्डरच्या बाहेरचं सामानही उचललं. कोर्टाने त्या चोरालाच १०,००० पौंड भरपाई मिळवून दिली. १९९२ च्या केसमध्ये तर सकाळी सव्वासातला घरात शिरले, घरी एकटी बाई आणि मुलं. त्यानंतर नियम आला की तिऱ्हाईत अनुभवी वकिलाच्या देखरेखीखालीच हे करायचं, कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेत, आणि घरी एकटी बाई असण्याची शक्यता असेल तर बरोबर बाई हवी. १९९७ मध्ये त्यांनी या अधिकाराला कायद्याचाच आधार दिला आणि आता त्याला सरळ सर्च ऑर्डर म्हणतात.

दुकानदार_मशीदबंदर:
साचेवाला, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी त्या बाजूला होतो.

आमचं होलसेल दुकान, स्टेशनरी आणि गिफ्ट आर्टिकल. आठ-नऊ वर्षं झाली असतील. शनिवार, सकाळी सव्वाअकरा, भवानी होऊन जेमतेम पंधरा मिनिटं झालेली. कोर्टाचे दोन जण, एका मोठ्या कंपनीचे वकील, त्यांची तीन माणसं, दोन हवालदार. माझे वडील गल्ल्यावर. त्यांनी आयुष्यात कोर्टाची पायरी चढली नव्हती. त्यांना वाटलं आपल्याला अटक करायला आलेत. हात थरथरायला लागले, आसपासचे दुकानदार बाहेर येऊन बघतायत. ऑर्डर इंग्रजीत, सतरा पानं, आम्हाला वाचायला वेळ किती तर दहा मिनिटं.

आता खरं सांगतो, त्यांच्या ब्रँडचे नकली पेन आमच्याकडे होते. आम्ही बिलावर घेतलेले, नकली आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं, पण होते. ते सील केले त्याबद्दल तक्रार नाहीच. पण त्यांच्या माणसांनी शेजारचे खोकेही ओढले ज्यांचा काही संबंध नव्हता, दिवाळीच्या तोंडावरचा माल. कोर्टाचा माणूस चांगला होता, म्हणाला तुम्ही आक्षेप घ्या मी पंचनाम्यात लिहितो, पण मला तेव्हा आक्षेप घ्यायचा असतो हेच ठाऊक नव्हतं. सही केली. तो माल सुटायला सहा आठवडे गेले, दिवाळी गेली. बाबा त्यानंतर गल्ल्यावर बसले ते पहिल्यासारखे कधीच बसले नाहीत.

कुणावर अशी वेळ आली तर एवढंच सांगेन. घाबरू नका, दार लावू नका, काही डिलीट करू नका. ऑर्डरची प्रत मागा, ओळखपत्र बघा, वकिलाला फोन लावा. कुठली वस्तू ऑर्डरमध्ये आहे आणि कुठली नाही ते बोट दाखवून विचारा आणि जे पटत नाही ते पंचनाम्यात लिहायला लावूनच सही करा.

साचेवाला:
दुकानदार साहेब, तुमच्या वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. आम्ही सुरुवातीला मागितलं होतं की त्याच्या गाळ्यातली तिन्ही मशीनं सील करावीत. जजसाहेबांनी ते दिलं नाही तेव्हा मी मनातून चिडलो होतो, वाटलं अर्धाच न्याय मिळाला. आज तुमचं वाचल्यावर वाटतं त्यांनी आमच्यावर उपकारच केले. तीन मशीनं बंद म्हणजे चार कामगारांचे पगार बंद, आणि त्यातला एक आमच्याकडूनच गेलेला.

मृण्मयी_फोर्ट:
दुकानदार, तुमच्यासारख्यांनी हे लिहायलाच हवं. दोन गोष्टी जोडते. एकतर्फी मनाई घेताना जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगितलं असेल तर ऑर्डर ३९ रूल ४ खाली कोर्टाने ती उठवायची असते, न उठवण्याचं कारण कोर्टाला लिहावं लागतं. आणि अपुऱ्या आधारावर मनाई घेतली असं ठरलं तर कलम ९५ खाली ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई. सहा आठवड्यांच्या दिवाळीपुढे ती रक्कम काहीच नाही, म्हणून आता बरेच जज वादीकडून आधीच हमी लिहून घेतात की नुकसान झालं तर भरून देईन. आणि एकतर्फी मनाई मिळाली की कागदपत्रांचा सगळा संच त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी समोरच्याला पाठवून तसं अफिडेव्हिट करावं लागतं. हे न केल्याने चांगल्या ऑर्डर उठलेल्या मी पाहिल्यात.

हॅश_आणि_हार्डडिस्क:
मी कॉम्प्युटर फॉरेन्सिकमध्ये काम करतो, तांत्रिक बाजू सांगतो कारण इथेच लोक स्वतःची केस स्वतः मारतात. माणूस सोडून गेला की मालक काय करतो, त्याचा कॉम्प्युटर उघडून स्वतः शोधत बसतो. प्रत्येक फाइल उघडली की तारखा बदलायची शक्यता, मग समोरचा वकील म्हणतो तुम्हीच फेरफार केलात. संशय आला की मशीन बंद करा, बाजूला ठेवा, त्या जागी दुसरं द्या. कुठला पेन ड्राइव्ह कधी लागला याची नोंद विंडोजमध्ये बऱ्याचदा शिल्लक असते, ती तज्ज्ञाला काढू द्या. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग लगेच उतरवून घ्या, डीव्हीआर जुन्यावर नवं लिहीत जातो.

नक्कल काढताना राइट ब्लॉकर लावतो म्हणजे मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही, बिट बाय बिट कॉपी होते आणि हॅश काढतो. हॅश म्हणजे त्या डेटाचा अंगठाच समजा, एक स्वल्पविराम बदलला तरी अख्खा आकडा बदलतो. तो आकडा पंचनाम्यात तिथल्या तिथे लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६३ च्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या सर्टिफिकेटमध्ये हॅश लिहायची जागाच दिलीय, जुन्या पुरावा कायद्यातलं कलम ६५बी आता तिथे गेलं.

आणि हात जोडून सांगतो, सोडून गेलेल्या माणसाचा जीमेल त्याच्या सेव्ह राहिलेल्या पासवर्डने उघडू नका. तो गुन्हा आहे, पुरावा राहतो बाजूला आणि तुम्हीच आरोपी होता.

निवृत्त_शिरस्तेदार:
एकतीस वर्षं कोर्टात नोकरी झाली, अशा कितीतरी पंचनाम्यांना हजर होतो म्हणून दोन शब्द. ऑर्डर झाली की ती अंमलात येईपर्यंत वेबसाइटवर चढत नाही, तसं ऑर्डरमध्येच लिहितात, नाहीतर सगळा खेळच उघड. वादीच्या माणसांना आम्ही सांगायचो, तुम्ही फक्त वस्तू ओळखायची, हात लावायचा नाही. मोजायचं, यादी करायची, लाख लावून सील करायचं. अनेकदा सील केलेला माल त्याच दुकानात सुपूर्तनाम्यावर ठेवतात, दुकानदार लिहून देतो की मी जपेन, सील तोडणार नाही. लोकांना वाटतं आपल्याच दुकानात आहे तर थोडा विकला तर काय झालं. तसं करू नका, तो सरळ कोर्टाचा अवमान होतो.

एकदा झवेरी बाजारात एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला आधी पाणी दिलं मग रडायला लागल्या. काम थांबवून आम्ही वीस मिनिटं नुसते बसलो. ऑर्डरमध्ये कुठे लिहिलेलं नव्हतं की बसू नका.

कुर्ल्याची_सुनीता:
धागा थोडा भरकटवते, माफ करा. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी सहा वर्षांचे हिशोब दाखवत नाही आणि आता ऐकतोय की वह्या पावसात भिजल्या असं सांगायची तयारी चाललीय. आम्हाला अशी ऑर्डर मिळेल का? शिवाय वरच्या मजल्यावरच्यांनी भिंत तोडून बाथरूम हलवलं, आमच्या हॉलमध्ये गळतं, ते म्हणतात महिनाभरात टाइल्स लावून सगळं बंद करणार.

मृण्मयी_फोर्ट:
सुनीता, गळतीचं आधी कारण तिथे घड्याळ चालू आहे. टाइल्स लागल्या की भिंत कुठे होती हे कुणी सांगू शकणार नाही. दावा लावून लगेच ऑर्डर २६ रूल ९ खाली कमिशनर मागा, इंजिनीअर नेमा म्हणा, जागेची आजची अवस्था मोजून फोटोसकट रिपोर्ट येईल. फक्त अर्ज नीट लिहा. पुरावा गोळा करून द्या असं मागितलं तर कोर्ट नाही म्हणतं, तो तुमचा भार आहे. जे नाहीसं होणार आहे त्याची नोंद करून ठेवा, असं मागायचं.

वह्यांसाठी कोर्टापेक्षा आधी रजिस्ट्रारकडे जा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८० मध्ये आहे की दप्तर दडवलं, बदललं किंवा नष्ट केलं जाईल अशी खात्री झाली तर रजिस्ट्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे ते जप्त करायला अर्ज करू शकतो. तुमच्या सगळ्या पत्रांच्या पोच जपून ठेवा, त्यावरच खात्री पटवायची असते.

वह्यांवरून आठवलं, १९६० च्या सुमाराचा पदम सेन यांचा सुप्रीम कोर्टाचा निकाल प्रत्येकाने वाचावा. समोरचा हिशोबाच्या वह्यांत फेरफार करेल म्हणून खालच्या कोर्टाने अंगभूत अधिकारात (कायद्यात वेगळं न लिहिलेल्या, कोर्ट म्हणून असलेल्या अधिकारात) कमिशनर पाठवून वह्याच उचलल्या. सुप्रीम कोर्ट म्हणालं, पक्षकाराच्या मालकीच्या वह्या अशा उचलायचा अंगभूत अधिकार कोर्टाला नाही. त्या कमिशनरला लाच देऊ केल्याची फौजदारी केस होती, नेमणूकच बेकायदा ठरल्याने तो लोकसेवकही ठरला नाही आणि शिक्षा गेली. म्हणून अर्जात नेमकं कलम, नेमकी वस्तू, नेमकी जागा. 'कोर्टाला योग्य वाटेल ते' यावर विसंबू नका.

टूलरूम_चाकण:
साचेवाला भाऊ, मी पण याच धंद्यातला. एक शंका, पीस, म्हणजे साच्यातून निघालेली वस्तू, मोजून रिव्हर्स इंजिनीअरिंग करणं तर चालतंच ना? मग त्याने पीस मोजूनच साचा केला म्हटलं तर?

साचेवाला:
हाच प्रश्न जजसाहेबांनी विचारला होता. पीसवरून बाहेरचं माप कळतं, पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग मिळतात ती रेघ, कळते, पिनांचे ठसे कळतात. पाण्याची लाइन कळत नाही आणि बंद केलेलं भोक तर नाहीच नाही. मॅडमनी गिऱ्हाइकाच्या परवानगीने त्याचा साचा आणि आमचा साचा शेजारी ठेवून फोटो जोडले होते, त्या फोटोंवरच ऑर्डर झाली असं मला वाटतं.

मृण्मयी_फोर्ट:
चाकणकर, प्रश्न रास्त आहे, आणि साचेवाला, पुढची लढाई तिथेच आहे. ऑर्डर मिळाली म्हणजे केस जिंकली असं मुळीच नाही. ते नक्की म्हणतील की डिझाइन रजिस्टर केलं नव्हतंत, कॉपीराइट कायद्याच्या कलम १५(२) खाली पन्नासपेक्षा जास्त वस्तू काढल्या की कॉपीराइट गेला. त्यावर एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स मध्ये कसोटी सांगितलीय, तीही इंजिनीअरिंगच्या ड्रॉइंगचीच केस, तुमच्या वकिलांनी बघितलीच असेल. गोपनीय माहितीचा मुद्दा वेगळा उभा राहतो, त्यासाठी त्याच्या नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते शोधा.

साचेवाला:
नेमणूकपत्रच नव्हतं. बाबांच्या काळातली पद्धत, शब्दावर माणूस ठेवायचा. तेही पॅरा १४ मध्ये आहे.

दुकानदार_मशीदबंदर:
साचेवाला, एक विचारू का? तो इन्सेंटिव्ह दिलात का?

साचेवाला:
दिला. मॅडम म्हणाल्या आत्ता दिला तर समोरचे त्याचा अर्थ काढतील, मी म्हटलं काढू देत, ते त्याचे पैसे आहेत. गेल्या मंगळवारी त्याच्या वकिलांमार्फत चेक पाठवला. अजून वटलेला नाही. पुढची तारीख नऊ दिवसांनी आहे, नक्कल उघडायची की नाही त्यावर सुनावणी. काय होतं ते इथे लिहीन.